आधी वळचण उघड, मग टर्बो

कोल्हापूर,
१० मे

प्रिय दिन्या,

तू पाठवलेलं फॅब्रिकेटरचं कोटेशन वाचलं आणि लिहायलाच बसलो. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतोस, आणि हे तुटक बोलून भागणारं नाही. इकडं सगळे बरे आहेत. गुडघा आहे तसाच आहे.

मंगळवार पेठेतल्या घराची कौलं उतरवून पत्रा घालायचा, हे विज्याकडनं कळलं होतं. कौलं की पत्रा हे आपलं भांडण मी आता काढत नाही. शाकारणीला माणूस मिळत नाही आणि माकडं एक कौल धड ठेवत नाहीत, हे तुझं म्हणणं खरं आहे. तू जिंकलास असं समज. (फुटबॉलात दिलबहार तालमीच्या माणसापुढं एवढं कबूल करणं पाटाकडील तालमीच्या माणसाला किती जड जातं, ते तुला ठाऊक आहे.) पण त्या कागदावर दोन ओळी एकाखाली एक आहेत : ‘२४ इंची टर्बो व्हेंटिलेटर, ४ नग’ आणि ‘वळचणीला फोम फिलर, पूर्ण पॅक’. मर्दा, एक वाऱ्यानं फिरून माळ्यावरची हवा बाहेर ओढणार, दुसरा हवा आत यायची फट बुजवणार; या दोन ओळी एका छपरावर नांदू शकत नाहीत.

वरनं हवा बाहेर काढायची तर तेवढीच खालनं आत यायला हवी. कौलांच्या प्रत्येक सांध्यातनं हवा जात होती, म्हणून त्या माळ्याला आजवर वेगळी सोय लागली नाही. पत्र्याला सांधे नाहीत. वळचण फोमनं बंद केलीस की ते चार टर्बो हवा आणणार कुठनं? माळ्याच्या फळ्यांच्या फटीतनं, म्हणजे खालच्या काकींच्या खोलीतनं. त्यांच्या न्हाणीत गॅस गीझर आहे, ही माझी खरी काळजी. वर ओढ आणि खाली कोंडी असली तर गीझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात रेंगाळू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नाहीतर दुसरं होतं : चारातला एक टर्बो उलटी हवा घेऊ लागतो आणि पावसाळ्यात तीच हवा तुषार घेऊन माळ्यावर येते. मग सगळे म्हणतात, टर्बो गळतोय.

आता हिशेब बघ. माळा ३० फूट बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. जमिनीच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग मोकळी हवेची वाट, हा जुना ठोकताळा. म्हणजे ४ चौरस फूट, निम्मे वर आणि निम्मे खाली. २४ इंची टर्बोचा गळाच ३ चौरस फुटांच्या थोडा वर भरतो. एकच पुरे! चार लावलेस तर खाली साडेबारा चौरस फूट मोकळे लागतील, ते तू कुठनं आणणार? खालची वाट नेहमी वरच्यापेक्षा थोडी जास्त ठेव. दोन्ही लांब वळचणींना, ३० अधिक ३० फूट, सलग १ इंचाची फट सोडलीस की ५ चौरस फूट होतात. जाळीनं थोडी अडली तरी चारच्या आसपास उरते. तेवढ्यात काम झालं.

जाळी पाव इंची, जस्ताची. उंदीर, चिमणी, पाकोळी अडते. फॅब्रिकेटर मच्छरजाळी लावू म्हणेल, त्याला नाही म्हण. ती नवी असतानाच निम्म्याच्या आसपास वाट खाते, आणि उसाच्या हंगामात काजळी बसली की उरलेलीही जाते. फट वळचणीच्या पुढच्या पट्टीमागे, तोंड खाली करून ठेव. पश्चिमेला तर हे हवंच, आपला पाऊस तिकडनंच मारतो. पत्रा भिंतीच्या बाहेर दीड फूट तरी आलेला असावा.

दोन्ही त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ त्या जाळ्या आहेत ना, जिथं आपण पतंगाचा मांजा लपवायचो, त्या बंद कर. जीव तुटेल तुझा, पण कर. टर्बो हवा जवळात जवळच्या भोकातनं ओढतो. वरची जाळी उघडी राहिली तर वरची हवा वरच्या वर फिरते आणि खालचा कोंडमारा तसाच राहतो. आढ्याला फटीचं कोनं, म्हणजे हवा सोडणारं आढ्यावरचं झाकण, बसवू असं कोणी सुचवलं तरी हाच नियम. एकतर ते, नाहीतर टर्बो. दोन्ही नकोत.

टर्बो कुठं? आढ्याच्या लांबीच्या मध्यावर, पूर्वेच्या पाख्यावर, पण डोकं आढ्याच्या वर निघेल एवढ्या उंचीचं. मग वारा कुठनंही आला तरी फिरतो. भोक दोन परलीनच्या, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडांच्या, मधे पाडायचं, परलीन कापायचा नाही, आणि भोकाच्या दोन्ही अंगांना खालनं अँगलचे आडवे तुकडे द्यायचे. कापायला ग्राइंडर नको. ठिणग्यांनी रंगाचा थर जळतो, लोखंडाचा चुरा पत्र्यावर बसतो आणि पहिल्याच पावसात तांबेरा दिसतो. निबलर किंवा पत्र्याची कात्री वापरायला लाव.

गळती जवळजवळ नेहमी टर्बोच्या वरच्या अंगानं होते. आढ्याकडनं उतरणारं पाणी टर्बोखालच्या बेस प्लेटला अडतं आणि तिच्या मागं तुंबतं. म्हणून बेस प्लेट वरपर्यंत लांब घे, तिची वरची कड आढ्याच्या कोन्याखाली सरकव आणि खालची पत्र्यावर सोड. तिच्या पन्हळी खालच्या पत्र्याच्या पन्हळींशी तंतोतंत जुळायला हव्यात. उद्यमनगरात पत्र्याचा तुकडा नेऊन दाखवलास तर तशी वाकवून देतात. स्क्रू उंचवट्यावर, पन्हळीत कधीच नाही. स्क्रूचा रबरी ईपीडीएम वॉशर जरासा फुगेपर्यंतच आवळायचा, जास्त पिळला की फाटतो. बेस प्लेटखाली चिकट ब्यूटाइल टेप. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन घेऊ नकोस, ते जस्ताचा थर खातं. न्यूट्रल मागून घे. आणि बेस प्लेटचं काम सिलिकॉनवर ढकलू देऊ नकोस, उन्हानं ते कधीतरी सुटणारच. टर्बोची मान स्पिरिट लेव्हलनं ओळंब्यात आण. तिरकी राहिली तर बेअरिंग एका अंगानं झिजतं आणि रात्रभर कुरकुरतं, काकींच्या डोक्यावर.

एक गोष्ट मात्र फॅब्रिकेटर सांगणार नाही. टर्बो गरम हवा काढतो, तापलेल्या पत्र्यातनं खाली येणारी धग काढत नाही. त्यासाठी पत्र्याखाली चमकदार फॉइल हवी, पत्रा आणि फॉइलमधे इंचभर मोकळी जागा सोडून, आणि पत्रा फिकट रंगाचा. तीन टर्बोंचे पैसे वाचतील ते इकडं घाल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्र्याच्या पोटाला दंव धरतं आणि वाशांवर ठिबकतं, तेव्हा खालनं वर वाहणारी हवा उपयोगी पडते. भर आषाढात तिच्याकडनं वाळवणीची अपेक्षा ठेवू नकोस, बाहेरचीच हवा ओली असते.

काम संपलं की वळचणीच्या फटीशी उदबत्ती धर. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग पाइपनं पाणी मार, खालनं सुरू करून वर चढत, म्हणजे कुठं गळतं ते नेमकं कळतं. माणसांना पत्र्यावर सकाळीच चढव, दोर बांधून, आणि परलीनच्या रेषेवरच पाय ठेवायला सांग. हे सगळं मृगाच्या आत. वळवाचा काही नेम नाही, म्हणून कौलं एका दिवशी एकाच पाख्याची उतरवायची.

अनघाच्या बारावीचं काय झालं? पुण्यातच घालणार का तिला? वहिनींची बदली थांबली, फार बरं झालं. आईनं काकींसाठी कोल्हापुरी चटणी दिली आहे, विज्याकडं पाठवतो.

फॅब्रिकेटरला उद्याच फोन कर आणि ती फोमची ओळ खोडायला लाव. पत्र्याची जाडी आणि परलीनमधलं अंतर कागदावर नाही, तेही लिहून घे.

तुझा,
बंडू



ता. क. उतरवलेली चांगली कौलं भंगारात देऊ नकोस. माझ्या गोठ्याला हवी आहेत.