सतरा फूट आठ इंच

क्लीव्हलंड, ओहायो
१७ मार्च २०२४

प्रिय दिल्या,

गाडी घेतली. परवा फोनवर तू "लांब किती?" एवढंच विचारलंस, मी आकडा सांगितल्यावर हसत सुटलास आणि तेवढ्यात तुझ्या गॅरेजात गिऱ्हाईक आलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आकडा परत सांगतो, सतरा फूट आठ इंच. काल सुनीतानं एका टोकाला टेप धरली आणि मी दुसऱ्या टोकाला, तेव्हा खात्री पटली. आपल्या अँबॅसडरपेक्षा साडेतीन फूट जास्त. वजन पावणेदोन टनांच्या वर. घराच्या गॅरेजात बसते, पण बर्फ ढकलायची फावडी आणि पोरांच्या सायकली आता बाहेर आल्या आहेत. त्यावरून जे ऐकतोय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

नाव मर्क्युरी ग्रँड मार्की, २००८ ची. मर्क्युरी म्हणजे फोर्डचंच एक घराणं. २०१० मध्ये फोर्डनं ते बंद करायचं ठरवलं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शेवटची गाडी निघाली आणि दुकान मिटलं. हिची सख्खी बहीण तू हजार वेळा पाहिलीयस. अमेरिकन सिनेमात पोलीस ज्या लांबलचक गाडीतून उतरतात, ती क्राउन व्हिक्टोरिया. २००८ पासून ती फोर्डनं फक्त पोलीस, टॅक्सीवाले वगैरेंनाच विकली. घरगुती माणसाला तीच गाडी हवी असेल तर ग्रँड मार्की घ्यायची. वेगळी चेसिस आणि त्यावर बॉडी, आपल्या जीपसारखी. पुढे व्ही-८ इंजिन, ४.६ लिटर, मागची चाकं ओढणारी, मागे सरळ आख्खा अॅक्सल. तुला दाखवली तर तू दहा मिनिटांत सगळी ओळखशील. नवीन गाड्यांचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकणच दिसतं, इथे निदान हात घालायला जागा आहे.

आता खरं कारण. लोकांना मी "स्वस्तात मिळाली" असं सांगतोय, पण तुला खोटं कशाला सांगू? आई मे महिन्यात येतेय. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेला तूच घेऊन गेलास, त्यामुळे तुला वेगळं सांगायला नको. गेल्या खेपेला ती इथे होती तेव्हा सुनीताच्या उंच गाडीत चढायला तिला स्टूल लागायचं, आणि माझ्या बारक्या गाडीतून उतरताना विहिरीतून वर आल्यासारखं व्हायचं. एकदा देवळाच्या पार्किंगमध्ये दाराला धरून नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच." आई, आणि देवळात येत नाही म्हणते! त्या दिवसापासून मी लोकांच्या गाड्यांची दारं बघायला लागलो. दार किती रुंद उघडतं, सीट किती वर आहे, पाय आत घेताना उंबरा आडवा येतो का. इथल्या म्हाताऱ्यांनी हीच गाडी का धरून ठेवलीय ते तेव्हा कळलं.

पहिली बघितली ती पोलिसांची जुनी गाडी, लिलावातून कुणीतरी उचललेली. तिला इथे पी-७१ म्हणतात. दणकट मामला, मोठा रेडिएटर, जाड स्प्रिंगा. मीटर म्हणे नव्वद हजार मैल. पण या गाड्यांना मैलांबरोबर इंजिनाचे तासही दाखवायची सोय असते. बटण दाबून पाहिलं तर तास भलतेच निघाले. पोलीस रात्र रात्र गाडी चालू ठेवून हमरस्त्याच्या कडेला बसून असतो, मैल वाढत नाहीत, इंजिन मात्र झिजतंय. उभ्यानं एक तास म्हणजे तेहतीस मैल धरायचे, असा त्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. हिशेब केला आणि घरी आलो. शिवाय मागची सीट कडक प्लास्टिकची, कैद्यांसाठी. आईला त्यात बसवायचं?

दुसरी लिंकन टाउन कार, २००४ ची, एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात. काय चमकत होती! आरशासारखा काळा रंग. काचेवर सरकारी नियमाप्रमाणे कागद चिकटवलेला, की गाडी आहे तशी, नंतर आमची जबाबदारी नाही. संध्याकाळी बघितली, मन बसलं. पण तुझं वाक्य आठवलं, की गाडी आणि नवरदेव सकाळी उठल्या उठल्या बघावा. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जाऊन कुंपणाबाहेर उभा राहिलो. गाडीची ढुंगणाची बाजू जमिनीला टेकायला आलेली! या लिंकनला मागे लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे असतात. फुगा चिरला की रात्रभर हवा जाते, सकाळी कॉम्प्रेसर चालला की गाडी पुन्हा शहाण्यासारखी सरळ उभी. तेवढ्यावर मी सोडली नसती, फुगे बदलता येतात. पण मग खाली पुठ्ठा टाकून आडवा झालो.

दिल्या, इथला गंज तू पाहिला नाहीस. आपल्याकडे पत्रा पावसानं सडतो, सावकाश. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळायला. आणि मीठ तरी किती! आमच्या गावाला लागून इरी सरोवर आहे, त्याच्या तळाखाली सुमारे अठराशे फूट खोल मिठाची खाण आहे. म्हणजे पाणी गोडं, पोटात मीठ, आणि तेच मीठ आमच्या गाड्यांच्या पोटात. वरून रंग झकास आणि खाली चेसिसचे पापुद्रे सुटताहेत, पेटीसच्या आवरणासारखे. त्या लिंकनच्या चेसिसवर मी नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. ब्रेकच्या नळ्या इतक्या गंजलेल्या की हात लावायची भीती. विक्रेता वर उभा राहून म्हणतोय, "ओहायोची गाडी आहे, एवढं चालायचंच." मी उठलो, पँट झटकली आणि मला एकदम अंकलीचा पूल आठवला.

आठवतंय ना? अठ्ठ्याण्णव साली मिरजेच्या त्या गृहस्थाकडून आपण दोघांनी मिळून घेतलेली फियाट. नवीन मॅट, अत्तराचा वास, चाकांना काळं पॉलिश. आणि कोल्हापूरला जाताना पुलाच्या अलीकडे पाऊस लागला, तर पाणी छतातून नाही, खालून आलं. मॅट उचलली तर तळाला डालडाच्या डब्याचा पत्रा, वर लांबी म्हणजे पुट्टी, वर डांबर. त्या दिवशी तू गॅरेजच टाकायचं ठरवलंस आणि मी कुणावरही विश्वास न ठेवायचं. तुझं ठरवलेलं तरी कामी आलं.

तिसरी गाडी पार्मात मिळाली. पार्मा म्हणजे क्लीव्हलंडला खेटून असलेलं उपनगर, पोलिश आणि युक्रेनियन लोकांची जुनी वस्ती, छोटी विटांची घरं. ऐंशीच्या घरातल्या एक बाई. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, त्या स्वतः आता चालवत नाहीत. मी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, मी येण्याआधी गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "माझा नवराही हेच करायचा." तिथून आमचं जमलं.

तुला वाटेल मी गोड बोलण्याला भुललो. नाही रे. खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं, ते चारी दारांवर आणि मडगार्डवर फिरवलं. सगळीकडे धरलं, पुट्टी कुठे भरलेली नाही. बाईंचा नवरा दर शरद ऋतूत खालून तेलाचा फवारा मारून घ्यायचा, त्यामुळे चेसिस काळी, चिकट, पण भक्कम. तेल काढून पाहिलं. कुलंटमध्ये तेल नाही, तेलात पाणी नाही. या इंजिनाची एक जुनी खोड अशी की १९९६ ते २००१ च्या गाड्यांत इंजिनात हवा नेणारं इनटेक मॅनिफोल्ड आख्खं प्लास्टिकचं होतं, गरम पाणी जायची वाटसुद्धा. ती पुढच्या बाजूला तडकायची आणि पाणी इंजिनावर. इतक्या गाड्यांचं झालं की लोक कोर्टात गेले, मग कंपनीनं तेवढा भाग अॅल्युमिनियमचा केला. आणखी एक म्हणजे इंजिनाच्या जुन्या हेडांत स्पार्क प्लगला आटे इतके कमी होते की प्लग आट्यांसकट उडून बाहेर यायचा, बंदुकीच्या गोळीसारखा! २००३ ते २००५ च्या गाड्यांत तर दिवे सांभाळणारा एक डबा जातो आणि रात्री चालता चालता हेडलाइट विझतात. म्हणून त्या लिंकननंतर मी २००६ च्या आधीचं काही बघतच नव्हतो.

मीटरवर एकाहत्तर हजार. पण मीटरवर कोण विश्वास ठेवतो? इथल्या कायद्याप्रमाणे २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलांना विकताना मीटरचा आकडा लिहून द्यायचं बंधन आता उरलेलं नाही. तेव्हा मी ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं, चालकाच्या सीटची दाराकडची कड बघितली. मग बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात चौदा वर्षांच्या ऑइल बदलल्याच्या पावत्या, प्रत्येकीवर तारीख आणि मैल, नवऱ्याच्या अक्षरात. तू तुझ्या गिऱ्हाइकांना किती वर्षं सांगतोयस, पावत्या ठेवा म्हणून. असा एक निघाला बघ, पण पार्मात.

घासाघीस टायरवरून केली. नक्षी नव्यासारखी, म्हणून बाई म्हणाल्या टायर नवे आहेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वाचले तर १२१६. म्हणजे २०१६ चा बारावा आठवडा, आठ वर्षांचं रबर, बारीक चिरा पडलेलं. त्यांना वाकून दाखवलं. सहा हजार डॉलर मागत होत्या, पाच हजार चारशेला दिली. ओहायोत विकणाऱ्यानं मालकीच्या कागदावर नोटरीसमोर सही करावी लागते, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या बँकेत गेलो. तिथे जाताना गाडी मी चालवली, बाई शेजारी बसल्या आणि प्रत्येक चौकात मला "ब्रेक, ब्रेक" करत होत्या. वर आमच्या काउंटीचा आठ टक्के विक्रीकर भरला. त्याच वेळी गाडीचा सतरा अक्षरी नंबर नीट वाचला. सुरुवात २ नं. म्हणजे ही अस्सल अमेरिकन गाडी जन्मानं कॅनडाची निघाली! सेंट थॉमसचा कारखाना, आमच्या गावाच्या समोर, तळ्याच्या पलीकडच्या काठाजवळ. २०११ च्या सप्टेंबरात तोही बंद झाला.

चालवायला कशी? बोट आहे बोट. स्टिअरिंग एका बोटानं फिरतं आणि खड्डा लागला की गाडी आधी विचार करते, मग हलते. वळणावर घाई केलीस तर चिडते. पेट्रोल पिते हे कबूल. शहरात लिटरला सात किलोमीटरच्या आतच, हमरस्त्याला दहाच्या आसपास. सुनीताचा मुद्दा तिथे बरोबर आहे आणि मी त्यावर वाद घालत नाही. ऑफिसला मी जुनीच गाडी नेणार. डिकीत मात्र आईच्या चारही बॅगा, व्हीलचेअर आणि लोणच्याचा डबा आरामात जाईल. आणि गंमत म्हणजे गिअर स्टिअरिंगला आहे, आपल्या फियाटसारखा! पुढे सलग सीट, तिघं बसतात. परवा धाकटीला मध्ये बसवून फिरवली तर तिला कळेचना, की मधला डबा आणि कप ठेवायची जागा कुठे गेली. तुझे आजोबा त्या हळदीच्या अडत्याची प्लिमथ चालवायचे, त्याचं तू सांगायचास ना, की पुढे चार पोरं बसायची. ते मला थाप वाटायचं. आता वाटत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. पार्किंगमध्ये एका रांगेत जपानी गाड्या, आणि शेवटी हा हत्ती दीड जागा अडवून. एकानं विचारलं, "काय, पोलिसात लागलास का?" दुसऱ्यानं टोयोटा किती वर्षं टिकते यावर व्याख्यान दिलं. त्याचे वडील कठड्याला धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, जरा दार उघडून दाखवा. बसले, उठले, पुन्हा बसले.

आता दोन कामं. एक, रिव्हर्समधून पुढच्या गिअरला टाकली की मागून एकदाच 'टक्' असा आवाज येतो. जोरात नाही. शाफ्टचा क्रॉस गेलाय, की मागच्या हाउजिंगमध्ये खेळ आहे, की नुसतं ग्रीस हवंय? आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवतो, ऐकून सांग. इथला मेकॅनिक तासाला जे मागतो त्यात तुझ्याकडे वर्षाची सर्व्हिसिंग होईल.

दुसरं काम, येत्या रविवारी आमच्या घरी जा. वहिनींना घेऊन जा, म्हणजे आईला संशय येणार नाही. माजघरात ती हात असलेली लाकडी खुर्ची आहे, जिच्यावरून ती कुणाचा आधार न घेता उठते. तिची बसायची जागा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोज आणि कळव. माझी सीट एकवीस इंच भरते. बटणानं अजून इंचभर वर घेता येते, त्यापुढे नाही.

काकांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या