धूर दिसत नाही, म्हणून गाडी पास

माननीय परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी वडाळ्यात डिझेल इंजिनांची कामं करतो. पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमध्ये पीयूसी कशी होते, ते आपण पाहिलं असेलच. सायलेन्सरमध्ये नळी, दोन-चार वेळा रेस, नंबरप्लेटचा फोटो आणि हातात कागद. डिझेल गाडीचा फक्त धूर किती काळा, एवढंच त्यात कळतं. नायट्रोजन ऑक्साइड कुणी मोजतच नाही. पेट्रोल-सीएनजीच्या गाड्यांचेही नाहीत.

हे वायू जाळाच्या उष्णतेने तयार होतात. सिलिंडर फार तापला की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. जाळ आटोक्यात राहावा म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडतो. त्याने काजळी साचते, पिकअप जरा मरतो. मग जुन्या गाडीचा मालक म्हणतो, "ईजीआर ब्लॉक करून टाका." पत्र्याची चकती, दोन बोल्ट, काम फत्ते. धूर कमी होतो, नायट्रोजन ऑक्साइड भरमसाट वाढतात आणि पीयूसीत हीच गाडी पूर्वीपेक्षा झोकात पास होते!

याच वायूंपासून पुढे उन्हात ओझोन बनतो आणि हवेत बारीक नायट्रेटचे कण तयार होतात. दम्याच्या माणसाला त्रास व्हायला काळा धूरच लागतो असं नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरासाठीचे नवे कडक निकष, लागू झाले. डिझेल मोटारींची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. ट्रकमध्ये युरियाचं द्रावण फवारून या वायूंचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करतात. यंत्रणा उत्तम आहे, पण युरियाचा खर्च वाचवायला सेन्सरला चकवणारी डबी लावणारेही आहेत.

पीयूसीचे नियम केंद्राचे, हे मला ठाऊक आहे. नायट्रोजन ऑक्साइडची तपासणी त्यात यावी, तीही इंजिनावर भार देऊन, असा आग्रह राज्याने धरावा. उभ्या गाडीत रेस देऊन खरा आकडा मिळणार नाही. तोवर आरटीओच्या फिटनेस तपासणीत बीएस-६ गाडीला स्कॅनर लावून फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) वाचायला काय हरकत आहे? युरियाची टाकी आणि ईजीआर हाताने तपासावेत. चकवणाऱ्या डब्या विकणाऱ्यांवरही कारवाई व्हावी, नुसता ड्रायव्हर धरून काही होत नाही.

चकती नेमकी कुठे बसवतात, हे आपल्या निरीक्षकांना दाखवायला मी केव्हाही येईन.

आपला,
वडाळ्यातला एक डिझेल मेकॅनिक