गाढव घोड्यासोबत ठेवणार असाल तर पावसाआधी हे वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं झालंय, पण शक्य असेल तर न कापता छापा. मे लागलाय, भिवंडी-पडघ्याकडच्या वीटभट्ट्या आता थोड्या दिवसांत बंद होतील, मजूर गावी निघतील आणि जी गाढवं थकलीत किंवा लंगडतात ती कुणी इथंच सोडून जाईल नाहीतर मिळेल त्या पैशात देऊन टाकेल, दरवर्षी हेच होतं. आणि आता ती घेणारेही निघालेत, येऊर, शिळफाटा, खारघरकडं ज्यांचे छोटे तबेले किंवा फार्महाऊस आहेत ते लोक घोड्याला सोबत म्हणून गाढव आणतात. गेल्या वर्षभरात मलाच चार जणांनी फोन करून विचारलं की तुमच्याकडं गाढव आहे ना, मग आम्ही आणलं तर चालेल का? चालेल, पण आम्ही आणलं तसं आणू नका.

आमचं घर घोडबंदर रोडला, गायमुखच्या अलीकडं. अरबी घोडे जहाजातून इथं उतरायचे म्हणून घोडबंदर नाव पडलं असं सांगतात, तर त्या गावच्या रस्त्यावर आज घोडे म्हणजे आमच्यासारख्या दोन-चार घरांतच उरलेत. सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांनी आयुष्यभर वरातीच्या घोड्या सांभाळल्या. गेल्या वर्षी दोन होत्या, चांदणी आणि रेश्मा. पाडव्याच्या आधी रेश्मा पोटशूळानं एका रात्रीत गेली. त्यानंतर चांदणीनं चंदीला तोंड लावणं जवळजवळ बंदच केलं, दिवसभर गेटकडं तोंड करून उभी राहायची आणि रस्त्यावर काहीही वाजलं की खिंकाळायची. दुसरी घोडी घ्यायची तर तेवढा पैसा नव्हता. तेव्हा कुणीतरी म्हणालं की एक गाढव आणून ठेवा, जनावराला जनावराची सोबत होते, आणि आम्ही मेअखेरीला पडघ्याच्या एका भट्टीवरून एक गाढवी आणली. मागच्या उजव्या पायानं लंगडत होती, पाठीवर पालाणाचे जुने वळ होते, आणि तिचा मालक अक्षरशः म्हणाला की ताई पैसे नका देऊ पण हिला घेऊन जा, मी गाडीभाडं भरून हिला गावी कुठं नेऊ? तिचं नाव गोदा ठेवलं.

पहिल्या दिवशी चांदणीनं जे केलं ते अजून आठवतं. वरातीत बँडबाजा, फटाके, डीजे सगळं सहन करणारी घोडी, पण गोदाला बघून नाक फुरफुरवत मागच्या भिंतीला जाऊन चिकटली आणि घामानं ओली झाली. नंतर कळलं की ज्यांनी कधी गाढव पाहिलेलं नसतं असे बरेच घोडे असंच करतात, वास, कान, आवाज सगळंच त्यांना वेगळं लागतं. म्हणून मध्ये भक्कम कठडा हवा, एकमेकांना बघता येईल, हुंगता येईल पण लाथ पोचणार नाही असा, आणि खाणं-पाणी पूर्ण सेपरेट. आम्ही दोन दिवसांत कठडा काढला कारण दोघी शांत दिसल्या. ही पहिली चूक.

निदान तीन आठवडे वेगळं ठेवायला हवं होतं, आणि ते फक्त ओळख व्हावी म्हणून नाही. घोडा, गाढव, खेचर यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो, त्याला लस नाही, माणसालाही होतो, आणि जनावर पॉझिटिव्ह आलं की कायद्यानं ते मारावंच लागतं. २००६ मध्ये पुणे-पाचगणीकडं याच रोगाची साथ आली होती, अण्णांना ती आठवते. तरीही गोदाचं रक्त तपासायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथं ही टेस्ट होते, सरकारी पशुवैद्यकांमार्फत सॅम्पल जातं. आमचं नशीब की नंतर केलेला रिपोर्ट निगेटिव्ह आला. तुम्ही नशिबावर सोडू नका, रिपोर्ट हातात आल्याशिवाय गाढव घोड्याजवळ नेऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही लगेच द्या.

मग पाऊस सुरू झाला. गाढव हे मुळात आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ भागातलं जनावर आणि आपल्याकडं चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, याचा अर्थ आम्हाला जुलैत कळला. घोड्याच्या अंगावरून पाणी बऱ्यापैकी ओघळून जातं, गाढवाचे केस ते धरून ठेवतात, म्हणजे एका सरीत ते आतपर्यंत भिजतं आणि थंडीनं कुडकुडतं. चांदणी तासभर पावसात उभी राहिली तर पुसून घेतलं की झालं, गोदाला ते चालायचं नाही. खुरांचं तर त्याहून वाईट. गाढवाचा खूर उभट, अरुंद, आणि ओल जास्त शोषणारा. तिचा तो लंगडा पाय पंधरा दिवसांत आतून कुजायला लागला, उचलला की वास यायचा, शेवटी नालबंदानं कापून काढलं तेव्हा काळं पाणी निघालं. अण्णांनी मग मुरूम टाकून जमीन वीतभर उंच केली, वर रबरी मॅट टाकली, पडवीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावली. आता आमचा नियम असा की रोज संध्याकाळी चारही खूर उचलून साफ करायचे आणि दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचं. नाल मारायची गरज नाही पण खूर तासावे लागतात. नालबंद सुरुवातीला गाढवाला हात लावायला तयार नव्हता, त्याला समजावण्यातच एक दिवस गेला.

गणपतीनंतर चांदणी खोकायला लागली. कोरडा खोकला, ताप नाही, खाणं व्यवस्थित, पण थोडं पळवलं की ढास लागायची. आम्ही पेंढ्याला बुरशी लागली असेल म्हणून पेंढा बदलला, काढा दिला, एका खाजगी डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, महिना गेला, काही फरक नाही. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी चांदणीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मग मागं वळून पहिला प्रश्न हा विचारला की ही गाढवी कधी आणली? गाढवाच्या फुप्फुसात एक जंत असतो, गाढव त्याला मुरलेलं असतं, ना खोकला ना काही, वरून ठणठणीत दिसतं. पण त्याच्या लिदीतून जंताच्या अळ्या बाहेर पडतात, ओल्या गवतावर वाढतात आणि घोड्यानं ते गवत खाल्लं की त्याला महिनोन्‌महिने खोकला लागतो. आणि घोड्याची लीद तपासून बऱ्याचदा काही सापडत नाही, कारण घोड्याच्या अंगात तो जंत सहसा पूर्ण वाढतच नाही, म्हणून लीद गाढवाची तपासायची, ती पण ताजी. गोदाच्या लिदीत अळ्या निघाल्या. दोघींना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलं, रोजच्या रोज लीद उचलायला लागलो, दिवाळीपर्यंत खोकला गेला. एका तपासणीचा प्रश्न होता हो, ती मे महिन्यात केली असती तर घोडीला दोन महिने त्रास झाला नसता.

आता जी गोष्ट सांगायला मुख्यतः हे पत्र लिहितेय ती.

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला, आणि डिसेंबरमध्ये डोंबिवली-कल्याणकडच्या लागोपाठ तीन वराती मिळाल्या म्हणून मिस्टरांनी चांदणीला तिकडंच तीन रात्री ठेवलं. तोवर गोदा आणि चांदणी एकमेकींना सोडत नव्हत्या, पाण्याला जाताना पण बरोबर. चांदणी टेम्पोत चढली तेव्हा गोदा इतकी ओरडली की समोरच्या टॉवरमधून सिक्युरिटीवाला विचारायला आला. दुसऱ्या दिवशी ती गप्प झाली. कोपऱ्यात मान खाली घालून उभी, पेंढ्याला तोंड नाही, गूळ दिला तो पण नाही. मी म्हटलं हिचं काहीतरी बिनसलंय, तर घरातले, शेजारचे, आणि फोनवर ते खाजगी डॉक्टरसुद्धा एकच वाक्य म्हणाले, गाढवच ते, हट्ट करतंय, भूक लागली की खाईल.

आपल्या ठाणे जिल्ह्यात शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ सापडलेत, दिलेलं दान जो मोडेल त्याला शिवी म्हणून दगडावर गाढव कोरलेलं असतं. म्हणजे किती शतकं आपण या जनावराकडं शिवी म्हणूनच बघतोय, त्याला दुखतं हे कुणाच्या मनातच येत नाही. घोडा दुखलं की जमिनीवर लोळतो, पाय आपटतो, सगळ्यांना समजतं. गाढव दुखणं दाखवत नाही, नुसतं मंद होतं, कान पडतात, खाणं सोडतं, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो. घाबरलं तरी घोडा उधळतो आणि गाढव जागेवर थांबून अंदाज घेतं, त्यालाही आपण हट्टच म्हणतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाचं न ऐकता जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या हेल्पलाइन नंबरवर फोन लावला आणि डॉक्टर मॅडमनाही कळवलं. त्यांनी रक्त काढलं, बाटली थोडा वेळ उभी ठेवली आणि मला दाखवली, वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग दिसायला हवा तो दुधासारखा पांढरट झाला होता. गाढवानं खाणं सोडलं की त्याचं शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं, पण ती रक्तात इतकी येते की लिव्हर आणि किडनी निकामी व्हायला लागतात, आणि एकदा हे चक्र सुरू झालं की गाढव काही दिवसांत मरू शकतं. जेवढं गाढव जाड तेवढा धोका जास्त, आणि आमची गोदा जाडच झाली होती कारण आम्ही प्रेमानं तिला चांदणीच्याच तोबऱ्यातली हरभऱ्याची चंदी आणि लसूणघास देत होतो. गाढवाला ते नकोच असतं. साधारण सव्वाशे किलोच्या गाढवाला दिवसाला दोन किलोच्या आसपास सुका चारा, गव्हाचं काड किंवा स्वच्छ कोरडा भाताचा पेंढा, एवढं पुरतं, वर थोडं हिरवं आणि मीठ. जास्त दिलं की मानेवर चरबीचा पट्टा चढतो आणि खुरांना सूज येऊन ते कायमचं लंगडं होऊ शकतं. पण जाड झालं म्हणून एकदम उपाशीही ठेवायचं नाही, त्यानंही हाच आजार होतो, हळूहळू कमी करायचं.

दोन दिवस ग्लुकोजचं सलाईन, नळीनं पेज, रात्री मी आणि अण्णा आळीपाळीनं बसलो. मिस्टरांनी तिसरी वरात दुसऱ्या घोडीवाल्याला दिली आणि चांदणीला घेऊन आले. ती टेम्पोतून उतरली तशी गोदानं मान वर केली. लगेच खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी चांदणीच्या पुढ्यातली चार काडं ओढली. अण्णा तेव्हा रडले, मी त्यांना रेश्मा गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी तेव्हा आम्हाला सांगितलं की एकटं गाढव घोड्याच्या सोबतीला आणणं हेच मुळात अर्धवट आहे. घोडा कामाला जातो, विकला जातो, मरतो, मग मागं राहिलेल्या गाढवाचं काय? गाढवाला गाढव लागतं. जानेवारीत आम्ही भट्टीवरचीच दुसरी गाढवी आणली, मंगी. या वेळी ग्लँडर्स टेस्ट, लीद तपासणी, जंताचं औषध आणि पुरे चार आठवडे वेगळा कठडा. आता चांदणी वरातीला जाते तेव्हा गोदा ओरडते, पण मंगीजवळ जाऊन उभी राहते आणि खाते. (नर गाढव घेणार असाल आणि घरात घोडी असेल तर आधी त्याचं खच्चीकरण करून घ्या, नाहीतर खेचर होईल आणि नर चावतो ते वेगळंच.)

अजून एक, येऊरच्या पायथ्याचे दोघं मला म्हणाले की गाढव असलं की बिबट्या येत नाही. गाढव कुत्र्याच्या अंगावर धावून जातं हे खरं आहे, पण आपल्याकडचं कमरेएवढं गाढव बिबट्याला काय अडवणार? रात्री घोड्याइतकंच त्यालाही बंदिस्त जागेत ठेवा.

संपादक साहेब, २०१२ मध्ये देशात तीन लाखांच्या वर गाढवं होती, २०१९ च्या पशुगणनेत १ लाख २० हजार राहिली. जी उरलीत त्यातली कितीतरी आपल्या भट्ट्यांवर माती आणि विटा वाहतायत. गाढवाच्या पाठीवर ५० किलोच्या वर ओझं घालू नये असा नियम १९६५ पासून आहे, भट्टीवर तो कुणी मोजून पाळताना मी तरी पाहिला नाही. माझी विनंती पशुसंवर्धन विभागाला आहे की जूनच्या आधी फिरतं पथक भट्ट्यांवर पाठवा, गाढवांची लीद आणि रक्त तिथंच तपासा, जंताचं औषध तिथंच द्या. म्हणजे जी गावी जातील ती नीट जातील आणि जी इकडच्या तबेल्यात येतील ती रोग घेऊन येणार नाहीत. घोड्यांचं शिबिर लागतं तेव्हा बोर्डावर गाढव हा शब्दही लिहा, आम्ही गोदाला घेऊन गेलो होतो तेव्हा एका शिबिरात आम्हाला गेटवरच सांगितलं की इथं फक्त घोडे. आणि जे डॉक्टर घोडे बघतात त्यांनीही गाढवाचं वेगळं शिकून घ्यावं, काही पेनकिलर गाढवाच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, म्हणजे घोड्याच्या हिशोबानं दिलेल्या डोसवर ते दुखणं सोसतच उभं राहतं.

ज्यांनी मला फोन केला त्यातल्या दोघांची गाढवं आणायची तारीख ठरलीय, याच महिन्याच्या शेवटी. पत्र त्याआधी छापून आलं तर त्यांना कात्रण देता येईल.

आपली नियमित वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)
(नाव छापू नये ही विनंती)