पावसात ड्रोन न उडवण्याचा निर्णय चालकाचाच असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीत सीना, मांजरा, तेरणा आणि गोदावरीच्या काठची शिवारे पाण्याखाली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात कॅमेरा ड्रोनकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. लग्नसराईपुरते भाड्याने आणले जाणारे हे यंत्र आता पंचनाम्याचे, बातमीचे आणि पूरपाहणीचे साधन मानले जाते. तलाठ्याला चिखलातून जाता येत नाही अशा शिवाराचे चित्र वरून घेता आले, तर शेतकऱ्याचे नुकसान लवकर नोंदले जाईल. म्हणून या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र ड्रोन छायाचित्रण हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आम्हा अनेकांना पावसाळ्यात ज्या आग्रहाला तोंड द्यावे लागते, त्याबद्दल आपल्या दैनिकातून जाहीरपणे बोलणे मला आवश्यक वाटते. पाऊस पडत असताना किंवा आभाळ भरून आलेले असताना ‘एवढ्याशा भुरभुरीने काय होते, दोन मिनिटे वर न्या’ असे काम सांगणारा म्हणतो, आणि त्याला नकार देण्याची ताकद बहुतेक चालकांमध्ये नसते.

हे चालक म्हणजे तालुक्याच्या गावी छोटा स्टुडिओ चालवणारे किंवा कर्ज काढून ड्रोन घेतलेले तरुण आहेत. त्यांच्या हातातील मिनी, एअर किंवा मॅविक या नावांच्या छोट्या कॅमेरा ड्रोनना पाण्यापासून संरक्षणाचे कोणतेही मानांकन नसते. पाऊस, बर्फ आणि धुक्यात उड्डाण करू नये, असे त्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेले असते. पाणी सोसणारे ड्रोन नाहीतच असे नाही. मोठ्या औद्योगिक ड्रोनला ‘आयपी 55’ यासारखे मानांकन मिळते, त्यातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो, आणि अशी यंत्रे पावसाच्या सरीत ठरावीक मर्यादेपर्यंत काम करू शकतात. त्यांची किंमत मात्र लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची असते. गैरसमजात भर पडते ती फवारणीच्या ड्रोनमुळे. बांधावर औषधाने ओलाचिंब झालेला ड्रोन लोक डोळ्यांनी पाहतात आणि सगळेच ड्रोन तसे असतात असे गृहीत धरतात. फवारणीचे यंत्र मुळातच द्रव सांडेल, अंगावर उडेल आणि नंतर धुवावे लागेल हे लक्षात घेऊन बांधलेले असते. कॅमेरा ड्रोन तसा नसतो.

पाणी नेमके काय बिघडवते, हे काम सांगणाऱ्यांनी समजून घेतले तर त्यांचा आग्रह बराच कमी होईल. मोटारीच्या तारांवर रोगणाचा थर असल्यामुळे मोटार काही काळ पाणी सोसते, आणि म्हणूनच ‘मागच्या वेळी तर उडाला होता’ असे म्हणायला वाव मिळतो. खरा धोका आत असतो. उडताना ड्रोनमधील विद्युतमंडले तापतात, त्यांना थंड ठेवण्यासाठी कवचाला झरोके ठेवलेले असतात आणि कित्येक यंत्रांत छोटा पंखा बाहेरची हवा आत ओढत असतो. पावसात त्याच वाटेने पाण्याचे बारीक कणही आत जातात. मोटारींचा वेग नियंत्रित करणाऱ्या मंडलात किंवा बॅटरीच्या जोडणीत शॉर्ट सर्किट झाले, तर चारपैकी एक मोटार थांबते आणि यंत्र आकाशातून सरळ खाली येते. अंगाखालचे आणि समोरचे संवेदक कॅमेरेही पावसात फसतात. काचेवर थेंब बसला की समोर अडथळा आहे असे समजून ड्रोन हवेतच थबकू शकतो. खाली पुराचे वाहते पाणी असेल आणि यंत्र कमी उंचीवर असेल, तर ते त्या हलत्या पृष्ठभागालाच स्थिर जमीन समजून प्रवाहाबरोबर सरकू लागू शकते.

याहून काळजीचा प्रकार म्हणजे उड्डाण सुखरूप पार पडल्यानंतर दडून राहणारा बिघाड होय. आत गेलेले पाणी वाळते, पण त्यातील क्षार जोडण्यांवर राहतात, हळूहळू गंज धरतो आणि मोटारीचे बेअरिंग खराब होते. भिजलेले यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय सर्रास केला जातो, परंतु तांदूळ क्षार काढू शकत नाही. पुरावर उडवलेला ड्रोन त्या दिवशी न पडता काही आठवड्यांनी एखाद्या वरातीच्या डोक्यावर पडू शकतो, हे पुराच्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही. भिजलेली लिथियम बॅटरी पुसून पुन्हा चार्जिंगला लावणे तर घराला आग लावण्यासारखे आहे. पाणी शिरलेली बॅटरी वापरातून काढूनच टाकली पाहिजे.

एवढा धोका पत्करून हाती काय लागते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पावसात घेतलेले चित्र पंचनाम्याच्या फारसे कामाचे नसते. उजेड कमी असल्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि प्रतिमा हलते. भिंगावर थेंब बसले की बांधाची रेघही नीट दिसत नाही. शिवाराचा नकाशा तयार करायचा असेल, तर एकमेकांवर बराचसा भाग येईल अशी अनेक छायाचित्रे घ्यावी लागतात आणि त्यांतील समान खुणा जुळवून संगणक ती जोडतो. वाहते पाणी आणि वाऱ्याने डोलणारे पीक यांत अशा स्थिर खुणाच मिळत नाहीत. पुराने खरडून गेलेली जमीन, फुटलेला बांध किंवा शेतात साचलेली वाळू हे तर पाणी ओसरल्यावरच उघडे पडते. सोयाबीनच्या शेंगांना फुटलेले कोंब शंभर मीटर उंचीवरून कोणत्याच हवामानात दिसणार नाहीत, त्यासाठी माणसाला शेतातच उतरावे लागेल. उघडीप मिळेपर्यंत थांबल्याने शेतकऱ्याचे नुकसान होत नाही. उलट त्याच्या हाती अधिक पक्का पुरावा येतो.

वारा आणि वीज यांचा विचार तर पावसाआधीच करावा लागतो. छोट्या कॅमेरा ड्रोनची वारा सोसण्याची मर्यादा साधारणपणे ताशी 38 किलोमीटरच्या आसपास असते. हवामान विभागाच्या इशाऱ्यात ‘विजांसह ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारे’ असे शब्द मे-जूनच्या वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत वारंवार येतात. म्हणजे पावसाचा एक थेंबही पडलेला नसताना यंत्राची मर्यादा ओलांडली गेलेली असते. जाताना वाऱ्याच्या दिशेने सहज गेलेला ड्रोन येताना वाऱ्याला तोंड देत बॅटरी संपवतो आणि वाटेतच उतरतो. विजेचा धोका यंत्रापेक्षा माणसाला अधिक आहे, कारण चालक उघड्या माळावर किंवा धरणाच्या भिंतीवर मान वर करून उभा असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून ड्रोन उतरवावा आणि पक्क्या छताखाली जावे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, जवळपासच्या विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप प्रत्येक चालकाच्या मोबाइलमध्ये असावे. मराठवाड्यात दरवर्षी शेतात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बचावकार्याच्या ठिकाणी तर खासगी ड्रोन असूच नयेत. परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा वेळी ढग खाली उतरलेले असतात, हेलिकॉप्टर कमी उंचीवर असते आणि वैमानिकाला हाताएवढा ड्रोन दिसणे जवळजवळ अशक्य असते.

नुकसान झाले तर ते सोसावे लागते एकट्या चालकाला. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनसाठी तृतीय पक्षाचा विमा ड्रोन नियम 2021 नुसार बंधनकारक आहे, पण तो दुसऱ्याला झालेल्या हानीपुरता असतो. पाण्याने बिघडलेल्या यंत्राला उत्पादकाची हमीही सहसा लागू होत नाही. एका उड्डाणाच्या मोबदल्यापोटी तरुणाचे वर्षभराचे उत्पन्न पणाला लागावे, हे न्याय्य नाही.

माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की, ड्रोनचे काम देताना कार्यादेशातच हवामानाची अट लिहावी. पाऊस, धुके, विजांचा इशारा किंवा यंत्राच्या मर्यादेपलीकडचा वारा असेल तर उड्डाण होणार नाही, तो निर्णय जागेवरील चालक घेईल आणि त्यामुळे त्याचे देयक अडवले जाणार नाही, एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. भर पावसातच चित्र हवे असेल, तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने पाणी सोसणारे मानांकित यंत्र आणि प्रशिक्षित चालक स्वतःकडे ठेवावा. भाड्याच्या ड्रोनकडून ती अपेक्षा करू नये.

आपल्याकडेही एक मागणे आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडले की किंवा नळदुर्गचा नर-मादी धबधबा कोसळू लागला की वृत्तपत्रे आणि वाहिन्या हौशी चालकांकडून ड्रोनची दृश्ये मागवतात. ती मागवताना पावसात किंवा बचावकार्याच्या परिसरात घेतलेली दृश्ये स्वीकारली जाणार नाहीत, अशी सूचना आपल्या दैनिकाने यंदाच्या पावसाळ्यापासून सोबत छापावी.

आपला,
एक ड्रोन छायाचित्रकार,
लातूर