चेंबूरच्या हवेचा इतिहास जपण्यासाठी कागदपत्रे व देणगीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

चेंबूर-माहुल परिसरातील हवेविषयीच्या तक्रारी आणि हवेसंबंधीचे बदलत गेलेले नियम यांची कागदपत्रे जमवून ती अभ्यासकांना व रहिवाशांना पाहता यावीत, असा संग्रह उभारण्याचे काम आमच्या सार्वजनिक वाचनालयाने हाती घेतले आहे.

मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ साली झाला. त्याचा रोख कारखान्यांच्या भट्ट्या आणि धुराड्यांतून निघणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होता. १९५०च्या दशकात आपल्या भागात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे खत कारखाना आला, आणि न दिसणाऱ्या पण नाकाघशाला झोंबणाऱ्या वायूंचा प्रश्न उभा राहिला. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले खरे, पण ते पाण्याच्या प्रदूषणासाठीच्या कायद्याखाली. हवेसाठी देशव्यापी कायदा यायला १९८१ साल उजाडले. मधल्या काळात केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी चेंबूर, लालबाग आणि खार येथील रहिवाशांच्या आरोग्याचा तुलनात्मक अभ्यास केला, ज्याचे मोल आम्हाला फार मोठे वाटते. त्या वर्षांत चेंबूरकरांनी काय सोसले आणि कोणाकोणाकडे दाद मागितली, हे मात्र राजपत्रांत सापडत नाही.

ते घरोघरच्या ट्रंकांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या कपाटांत आहे. नुकत्याच मिळालेल्या एका फायलीत तक्रारअर्जाची कार्बन प्रत आहे. कागदाच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण जांभळा आवक शिक्का अजून स्पष्ट वाचता येतो. पुनर्विकासाच्या धामधुमीत असे कागद रद्दीत जात आहेत, म्हणून ही घाई.

आपल्याकडे जुने अर्ज, त्यांना आलेली उत्तरे, सभांची इतिवृत्ते, पत्रके, छायाचित्रे किंवा कात्रणे असल्यास ती कृपया वाचनालयात आणून द्यावीत. स्कॅन करून मूळ कागद परत केले जातील, आणि देणाऱ्याची इच्छा नसल्यास त्याचे नाव कोठेही दिले जाणार नाही. स्कॅनर, कागद टिकवणाऱ्या पेट्या व ज्येष्ठ रहिवाशांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण यांसाठी निधी हवा आहे. कोणतीही रक्कम कृतज्ञतापूर्वक स्वीकारली जाईल व तिची रीतसर पावती मिळेल. इंग्रजी पत्रव्यवहाराचे मराठी सारांश करून देणाऱ्यांचीही आम्हाला निकड आहे.

ज्यांना वाचनालयापर्यंत येणे शक्य नाही, त्यांनी शेजाऱ्यांकरवी निरोप धाडावा. आमचे कार्यकर्ते घरी येऊन कागद नेतील.

आपले नम्र,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ