अलास्का विकणाऱ्याचे होते का?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत अलास्काच्या विक्रीवरचा लेख वाचला. रशियाने 1867 मध्ये एवढा मुलूख अवघ्या 72 लाख डॉलरला अमेरिकेच्या पदरात टाकला, याची हळहळ लेखात ओसंडून वाहते. मात्र तो रशियाकडे आला कसा, हे ‘धाडसी शिकारी समुद्र ओलांडून गेले’ एवढ्यावर उरकले आहे.

गेले हे खरे. रशियाच्या सेवेतला दर्यावर्दी बेरिंग याच्या मोहिमेतून वाचलेले खलाशी 1742 मध्ये रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्काला परतले ते समुद्री पाणमांजरांची कातडी घेऊन. चीनमध्ये तिला मिळणारा भाव पाहून व्यापाऱ्यांची रीघ लागली. पण सैबेरियात सेबल या मऊ फरच्या लहान प्राण्यासाठी सापळे लावणाऱ्यांना भर समुद्रातली शिकार कुठून येणार? ती विद्या अलास्काच्या अल्यूशन बेटांवरच्या उनांगन लोकांची. समुद्रसिंहाच्या कातड्याच्या हलक्या होड्या. कातडी शिवायचे काम बायकांचे. पाणमांजराने बुडी मारली की होड्या त्याभोवती रिंगण धरून थांबत आणि श्वास घ्यायला ते वर आले की भाला सुटे. रशियनांनी मग सैबेरियात मुरलेली रीत इथेही चालवली: गावातली माणसे, बहुधा मुलेच, ओलीस ठेवायची आणि पुरुषांना शिकारीवर धाडायचे. धडधाकट पुरुष फरमागे गेल्यावर हिवाळ्याची बेगमी कोण करणार? उपासमार झाली, वर बाहेरून आलेले रोग.

हे लोक गप्प बसले असेही नाही. 1763-64 च्या हिवाळ्यात त्यांनी अल्यूशनपैकीच फॉक्स बेटांवर चार रशियन जहाजांचा निकाल लावला. सोलोव्योव या रशियन फर-व्यापाऱ्याने त्याचा सूड गावेच्या गावे उद्ध्वस्त करून घेतला. 1784 मध्ये कोडियाक बेटाजवळ एका खडकावर आसऱ्याला गेलेल्या तिथल्या मूळच्या अलुटीक लोकांवर शेलिखोव या रशियन व्यापाऱ्याने तोफा डागल्या. बायकामुलांसह शेकडो मेले. सैबेरियातल्या इर्कुत्स्कमध्ये त्याच्या थडग्यावर ‘रशियाचा कोलंबस’ असे कोरले आहे. उपमा चपखल आहे, हे मान्य.

आग्नेय अलास्कातल्या सिटकाच्या मूळ रहिवाशांनी, त्लिंगितांनी, तर 1802 मध्ये रशियन ठाणेच जाळले. दोन वर्षांनी रशियन युद्धनौका घेऊन परतले, तरी त्लिंगित मुलखात तटबंदीबाहेर त्यांची सत्ता फारशी चाललीच नाही. म्हणूनच 1867 चा सौदा कळताच त्लिंगित प्रमुखांनी हरकत घेतली: जमीन आमची, रशियन विकणारे कोण? अमेरिकेने 1971 मध्ये कायदा करून मूळ रहिवाशांना 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि सुमारे 96 कोटी डॉलर दिले. लेखाचा उत्तरार्ध येणार असेल, तर 72 लाखांशेजारी हा आकडाही छापावा.

– एक वाचक, सातारा