बालवाडीच्या अंगणातील कृत्रिम गवताबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कोटेशनमध्ये लिहिलेले गवत न देता हलके गवत दिल्याबद्दल व बसवणीतील चुकांबद्दल

महोदय,

मी जळगावात अकरा वर्षांपासून घराच्या खालच्या मजल्यावर बालवाडी चालवते. अडीच ते पाच वर्षांची २८ मुले येतात. पुढे ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद कोब्याचे अंगण आहे. पडल्यावर गुडघे फुटू नयेत म्हणून जानेवारीत आपल्याकडून त्यावर कृत्रिम गवत बसवून घेतले. ५८० चौरस फूट, बसवणीसह ७७ रुपये दराने ४४,६६० रुपये झाले. अर्धे आगाऊ दिले, अर्धे काम संपले त्याच संध्याकाळी. काही पालकांनी वर्गणी दिली, बाकीचे मी दोन वर्षे थोडे थोडे बाजूला टाकले होते.

१७ जूनच्या सकाळी पाऊस थांबल्यावर मुले अंगणात सोडली. घसरगुंडीजवळचा, गवताच्या दोन पट्ट्यांमधला सांधा सुटून गवताची कड वर आली होती. तिच्यात पाय अडकून साडेतीन वर्षांची एक मुलगी तोंडावर आपटली. ओठ फाटला, दवाखान्यात न्यावे लागले. तिची आई मला एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवसापासून अंगणाला दोरी बांधून ठेवली आहे. ज्या जागेसाठी एवढा खर्च केला ती जागा आज मुलांना बंद आहे.

आपल्या कार्यालयात मी तीन वेळा फोन केला. दोनदा ‘माणूस पाठवतो’ असे सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले की ही ‘वापरामुळे होणारी झीज’ आहे. साडेपाच महिन्यांत? म्हणून मी स्वतः तपासायला बसले.

बसवताना उरलेला एक तुकडा मी दाराशी पायपुसणे म्हणून ठेवला होता. तो उलटा केला की काळ्या बॅकिंगवर, म्हणजे पाती ज्यात शिवलेली असतात त्या खालच्या थरावर, टाक्यांच्या ओळी स्वच्छ दिसतात. मुलांच्या कंपासमधली पट्टी ठेवून १० सेंटीमीटरवर पांढऱ्या खडूने दोन रेघा मारल्या आणि सुईच्या टोकाने टाके मोजले. १२ भरले. वेगवेगळ्या सहा ओळींत मोजले, सगळीकडे १२ च. आपल्या कोटेशनमध्ये लिहिले आहे : गेज ३/८ इंच, १० सेंटीमीटरला १६ टाके, चौरस मीटरला १६,८०० टाके. गेज म्हणजे दोन ओळींमधले अंतर, ते बरोबर आहे. ३/८ इंच म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, म्हणून एका मीटरमध्ये १०५ ओळी बसतात. मीटरला १६० टाके असते तर १०५ गुणिले १६० म्हणजे १६,८०० झाले असते. मला मिळाले १०५ गुणिले १२०, म्हणजे १२,६००. गवताचा चौथा हिस्सा मला मिळालाच नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले. घसरगुंडीच्या पायथ्याशी आत्ताच पाती आडवी पडून बॅकिंग उघडे दिसते आहे, त्याचे कारण हेच. पाती विरळ असली की एकमेकींना आधार देत नाहीत.

उंचीचेही तसेच. कोटेशनमध्ये ‘पाइल हाइट ४० मिलिमीटर’ आहे. पाइल हाइट म्हणजे बॅकिंगच्या वरच्या बाजूपासून पात्याच्या टोकापर्यंतची उंची. पट्टी उभी धरून मोजली तर ती ३५ भरते. आपला माणूस फोनवर म्हणाला की बॅकिंग धरून ४० होते. बॅकिंग एवढे जाड नाही आणि ते उंचीत धरायचेही नसते. शब्दाचा अर्थ विकताना एक आणि तक्रार आल्यावर दुसरा असे चालणार नाही. ‘८,८०० डीटेक्स’ असेही लिहिले आहे. डीटेक्स म्हणजे १०,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. ते मोजायचे साधन माझ्याकडे नाही, म्हणून उत्पादकाचा चाचणी अहवाल आपण मला द्यावा.

आता बसवणीबद्दल. रोल २ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब होता. माझ्या अंगणाला ९ मीटरच्या तीन पट्ट्या लागतात, म्हणजे २७ मीटर. एका रोलमधून दोनच पट्ट्या निघाल्या, तिसरी टेम्पोत पडलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी रोलमधून कापली. ती दुसऱ्या लॉटची असल्याने हिरवा रंग वेगळा आहे. शिवाय ती उलटी टाकली. दारापासून फाटकाकडे हात फिरवला तर दोन पट्ट्या मऊ लागतात, तिसरीवर हात फिरवताना पाती टोचत उभी राहतात. पात्यांचा कल सगळ्या पट्ट्यांत एकाच दिशेला हवा, हे या धंद्यातले पहिले काम आहे. मुलांनीसुद्धा तिला ‘वेगळं गवत’ असे नाव दिले आहे.

चौरस मीटरला ५ किलो सिलिका वाळू भरायचे ठरले होते. ५४ चौरस मीटरला २७० किलो लागते. आली ५० किलोची दोन पोती. वाळूच्या वजनाने गवत जागेवर बसते आणि पाती उभी राहतात, म्हणून ती कोटेशनमध्ये घातलेली असते. याबद्दल विचारले तेव्हा आपण काळे रबराचे दाणे फुकट भरून देतो म्हणालात. मी नको म्हटले आणि आजही नको म्हणते. अडीच वर्षांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मैदानांसाठीच्या अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला असून ऑक्टोबर २०३१ पासून ती लागू होणार आहे. बालवाडीच्या अंगणात मी ते येऊ देणार नाही.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. अंगणाला मोरीकडे चांगला उतार आहे. बॅकिंगच्या छिद्रांतून पाणी खाली जाते आणि कोब्यावरून वाहून मोरीत पडायला हवे. आपल्या कामगारांनी चारही कडा गोंदाने कोब्याला चिकटवून टाकल्या, मोरीकडचीसुद्धा. पाण्याला वाटच उरली नाही. पहिल्या पावसाचे पाणी चार दिवस खाली तुंबले, कुबट वास सुटला आणि सांध्याखालच्या जोडफितीचा गोंद सुटला. त्या मुलीचा पाय ज्या कडेत अडकला ती कड अशी वर आली.

उन्हाचे वेगळे लिहिते, कारण त्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. मुले अंगणात अनवाणी असतात हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यावर ‘हे थंड राहणारे गवत आहे’ असे मला सांगण्यात आले. एप्रिलमध्ये अकरा वाजता मी स्वतः पाय ठेवला आणि उचलला. खरे गवत पानांतून पाण्याची वाफ सोडते, म्हणून थंड राहते. हे पॉलिएथिलीन, म्हणजे प्लास्टिक आहे, ते ऊन शोषून नुसते तापत जाते. पाणी शिंपडले तर थोडा वेळ निवते, पुन्हा तापते. हे बोलल्यावर ‘ऑलिम्पिकचे हॉकीपटू यावरच खेळतात’ असे उत्तर मिळाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर आली हे खरे आहे. पण हॉकीचे मैदान आखूड, दाट पात्यांचे असते, पाण्याने भिजवतात आणि खेळाडू बूट घालून उतरतात. जळगावच्या उन्हाळ्यात अनवाणी मुलांना त्याचा काय उपयोग? खरे सांगितले असते तर मी आधी वर सावलीचे कापड लावले असते, गवत नंतर घेतले असते.

माझे म्हणणे असे : सध्याचे गवत आपण स्वखर्चाने उचलून न्यावे आणि कोटेशनमधल्या मापाचे, तिन्ही पट्ट्या एकाच लॉटच्या, असे गवत द्यावे. पात्यांचा कल एका दिशेला, वाळू पूर्ण २७० किलो, मोरीकडची कड मोकळी. बसवण्याआधी टाके आणि उंची माझ्यासमोर मोजून द्यावी. ‘८ वर्षे यूव्ही गॅरंटी’, म्हणजे उन्हाने गवत खराब न होण्याची हमी, तोंडी दिली आहे, ती लेखी द्यावी. हे जमत नसेल तर ४४,६६० रुपये परत करावेत. दवाखान्याचा ९५० रुपये खर्च मी त्या पालकांना दिला आहे, तो दोन्ही परिस्थितींत आपण द्यावा.

कोटेशन, दोन्ही पावत्या, टाके मोजतानाचे व सांध्याचे फोटो सोबत जोडले आहेत. तो तुकडा मी जपून ठेवला आहे, पाहायचा असेल तर आपल्या माणसाने येऊन पाहावा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. शाळेला दिवाळीची सुटी लागण्याआधी अंगण मुलांना खुले व्हावे, एवढी माझी घाई आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
बालवाडी संचालिका, जळगाव